जमिनीत शिरू मागणारा मध्यस्थ आणि त्याचा परवाना



गळीत हंगाम भरात आला की आपले सगळे लक्ष टोळी कधी येते, वाहन कधी लागते आणि काट्यावर वजन किती भरते याच्याकडे असते. नेमक्या अशाच वेळी बांधावर एक मोटारसायकल थांबते. काखेत फाईल, खिशाला दोन पेन आणि बोलणे तर इतके गोड की आपल्या साखरेला लाजवील. "काका, काही नाही, नुसती सर्व्हेची परवानगी आहे. गावातल्या सगळ्यांनी दिली, तुमचीच तेवढी राहिलीय." काकांचा एक डोळा कोयत्यावर, एक डोळा आभाळाकडे. सही होऊन जाते.

मागच्या हंगामात आपले एक सभासद असाच एक कागद घेऊन शेतकी ऑफिसात आले. पाचशेच्या मुद्रांकावरचा दोन पानी मजकूर होता. सही केली तेव्हा त्यांना 'सर्व्हे' एवढेच सांगितले होते. दोन महिन्यांनी उभ्या उसात पोकलेन शिरले. कागद शांतपणे वाचला तेव्हा त्यात तीन गोष्टी निघाल्या. पहिली, जमिनीत येण्या-जाण्याची व खोदण्याची कायमची संमती. दुसरी, पिकाची भरपाई 'संपूर्णपणे पोचली असून कसलीही तक्रार राहिली नाही' अशी कबुली. तिसरी, पुढची रक्कम घेण्यासाठी त्याच फायलीवाल्याला दिलेले मुखत्यारपत्र. पंचनाम्यात चौदा महिन्यांच्या आडसालीला 'खोडवा' लिहिले होते. कंपनीकडे विचारणा केली तर उत्तर मिळाले, "तो आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे." ठेकेदार म्हणाला, "तो कमिशनवर होता, आता येत नाही."

आमच्याकडच्या ऊस नोंदीचा उतारा जोडल्यामुळे पिकाची नोंद तेवढी दुरुस्त झाली. सहीचे मात्र आम्हाला काही करता आले नाही. म्हणून हा लेख.

आता प्रश्न असा की, हा फायलीवाला कोण? त्याला कोणी नेमले? शेतकऱ्याशी जमिनीची बोलणी करायला काही परवाना लागतो की नाही? आपल्याकडचे सरळ उत्तर असे की, पाइपलाइन, टॉवर किंवा सोलरसाठी शेतकऱ्याच्या दारात जाऊन संमती गोळा करणाऱ्याला परवाना लागत नाही. कोणीही उठावे, फाईल घ्यावी आणि निघावे. गंमत बघा, शहरात नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट विकून देणाऱ्या एजंटाला २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते, आणि महाराष्ट्रात २०२३ पासून त्याच्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही आली. पण ज्याच्या एका सहीवर तीन पिढ्यांच्या जमिनीवर कायमचा बोजा बसतो, तो माणूस कोण आहे हे विचारणारे कोणी नाही.

सगळीकडे असेच असते असे समजू नका. कॅनडा देशात आल्बर्टा नावाचा प्रांत आहे. गहू, गुरे आणि तेल यांचा हा मुलूख. (आणि हो, त्याच प्रांतात टेबर गावी बीटपासून साखर करणारा कारखाना आहे. कॅनडात बीटसाखरेचा तो एकच कारखाना. म्हणजे तिथेही आपल्या धंद्याचे भाऊबंद आहेत.) १९४७ च्या फेब्रुवारीत तिथे लेडक गावाजवळ मोठा तेलसाठा लागला आणि त्यानंतर कंपन्यांची माणसे शेतोशेत फिरू लागली. तिथली खरी मेख अशी की, जमिनीचा वरचा थर शेतकऱ्याचा, पण खालचे खनिज बहुतेक ठिकाणी सरकारचे. साधारण ८१ टक्के खनिज हक्क प्रांताकडे आहेत. सरकार ते हक्क कंपनीला देते, आणि कंपनीला खाली जायचे तर वरून, म्हणजे शेतातूनच जावे लागते. विहिरीसाठी जागा हवी, रस्ता हवा, नळ टाकायला पट्टा हवा. या सगळ्यासाठी बोलणी करायला जो माणूस येतो त्याला तिथे 'लँड एजंट' म्हणतात.

या लँड एजंटासाठी आल्बर्टाने वेगळा परवाना कायदा केला. जमिनीतला असा हक्क दुसऱ्यासाठी मिळवायला जो बोलणी करतो, त्याच्या नावावर परवाना पाहिजे. नवा माणूस एकदम मोकळा सोडत नाहीत. आधी त्याला हंगामी परवाना मिळतो आणि पक्का परवाना असलेल्या जुन्या एजंटाच्या देखरेखीखाली काम करावे लागते. पक्क्या परवान्यासाठी परीक्षा आहे. हे परवाने देणारा सरकारी निबंधक आहे. शेतकऱ्याने तक्रार केली तर चौकशी करून तो परवाना तहकूब किंवा रद्द करू शकतो. परवाना गेला की त्या माणसाची रोजी गेली, म्हणून तोंडातून शब्द काढताना तो विचार करतो. "तो आमचा माणूस नाही" हे उत्तर तिथे सहजासहजी चालत नाही, कारण परवाना कंपनीच्या दारावर टांगलेला नसून माणसाच्या खिशात असतो.

पण या कायद्यातले आम्हाला सर्वांत आवडलेले कलम परीक्षेचे नाही. ते आहे ४८ तासांचे. एजंटाने कराराचा मसुदा पहिल्यांदा शेतकऱ्यापुढे ठेवला की त्याची एक प्रत त्याने शेतकऱ्याच्या घरी ठेवून निघून जायचे. पुढचे ४८ तास त्याने त्या शेतकऱ्याशी बोलणी पुढे रेटायची नाहीत. सुट्टीचे दिवस या ४८ तासांत धरत नाहीत. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी येऊन रविवारी सही घ्यायची सोय नाही. या दोन दिवसांत शेतकऱ्याने घरात वाचावे, बायकोला विचारावे, शेजाऱ्याला दाखवावे, वकील गाठावा. फायलीवाल्याचे सगळे बळ घाईत असते, आणि कायद्याने त्या घाईलाच लगाम घातला.

त्या कलमात एक फट आहे तीही सांगायला हवी. शेतकऱ्याची इच्छा असेल तर हे ४८ तास तो लेखी सोडून देऊ शकतो. म्हणजे चतुर एजंट मूळ करारासोबत सवलत सोडल्याचा कागदही पुढे सरकवणार, हे उघड आहे. कायदा वेळ देतो. तो घ्यायचा की नाही हे ज्याचे त्याने बघायचे.

आणखी एक गैरसमज नको. परवाना आहे म्हणून तिथला शेतकरी कंपनीला कायमचा नकार देऊ शकतो असे मुळीच नाही. बोलणी फिसकटली तर कंपनी न्यायाधिकरणाकडे जाते आणि प्रवेशाचा हुकूम आणते. हे काम पूर्वी सरफेस राइट्स बोर्ड करीत असे, २०२१ पासून ते जमीन व मालमत्ता हक्क न्यायाधिकरणाकडे आले. मग भरपाई न्यायाधिकरण ठरवते आणि ती ठरवताना जमिनीची किंमत, वापर बुडाल्याचे नुकसान, उरलेल्या शेतीला होणारी अडचण, त्रास आणि गैरसोय असे वेगवेगळे भाग विचारात घेते. विहिरीसाठी भाडे एकदाच देऊन मोकळे होत नाहीत. ते वर्षाचे असते आणि दर पाच वर्षांनी त्याचा फेरविचार मागता येतो. कंपनीने भाडे बुडवले तर त्याच कायद्यात सरकारी तिजोरीतून ते मिळण्याची वाट ठेवली आहे. थोडक्यात, 'नाही' म्हणण्याचा हक्क तिथेही अपुराच आहे, पण 'कशाला हो म्हणतोय' हे कळण्याचा हक्क पक्का केलेला आहे.

आता आपल्या बांधावर येऊ. आपल्याकडे एजंटाला परवाना नाही, पण कामाला कायदा आहे, आणि तो कामागणिक वेगळा आहे. फायलीवाला मात्र तिन्ही कामे एकाच सुरात सांगतो, म्हणून घोटाळा होतो. त्याला पहिला प्रश्न हा विचारावा की, बाबा, तू कुठल्या कायद्याखाली आलास?

तेल किंवा गॅसची पाइपलाइन असेल तर १९६२ चा पेट्रोलियम व खनिज पाइपलाइन कायदा लागतो. यात जमीन आपल्या नावावरच राहते. सरकार फक्त 'वापराचा हक्क' घेते. त्यासाठी आधी राजपत्रात अधिसूचना निघते आणि तिच्यात गट नंबर असतात. अधिसूचनेनंतर सर्व्हे करायला, माती काढून बघायला येणारा माणूस अधिकृत केलेला असावा लागतो आणि त्याने नुकसान होता होईल तो कमी करायचे असते. अधिसूचनेच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्याच्या तारखेपासून २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत देता येते, आणि हरकतदाराला स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते. आमचा अनुभव असा की, हे २१ दिवस बहुतेक वेळा फायलीवाल्याच्या गोड बोलण्यातच निघून जातात. "हरकत कशाला घेता, पैसे अडकतील" असे तो म्हणतो. नळाचा मार्ग विहिरीवरून जातोय, घराच्या जोत्याला लागतोय, हे सांगायची वेळ तीच असते. नंतर सांगून मार्ग हलत नाही.

नळ पुरल्यावर जमीन पूर्वीसारखी कसता येते, पण त्या पट्ट्यात बांधकाम, विहीर, तळे, बंधारा करता येत नाही आणि झाड लावता येत नाही. उसाला अडचण नाही, आंब्याला आहे, आणि उद्याच्या विहिरीला तर आहेच. हा बोजा कायमचा असतो, म्हणून प्रत्यक्ष नुकसानीच्या भरपाईखेरीज पट्ट्यातल्या जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम कायद्याने द्यायची आहे. बाजारभाव धरायचा तो पहिल्या अधिसूचनेच्या तारखेचा. १० टक्के ही रक्कम आम्हाला तुटपुंजी वाटते. कायदा झाला तेव्हा जमिनीला जो भाव होता आणि पट्ट्याखाली जाऊन जे गमवावे लागते त्याचा मेळ आज बसत नाही, पण सध्या कायदा तोच आहे. सक्षम प्राधिकाऱ्याने ठरवलेली रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशाकडे दाद मागता येते. म्हणूनच 'भरपाई पूर्ण पोचली' ही ओळ सहीआधी शोधायची. ती ओळ असली की पुढे दाद मागताना तीच आपल्यासमोर धरली जाते.

विजेच्या मोठ्या वाहिनीचा मामला वेगळा. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६४ खाली सरकार वाहिनी टाकणाऱ्याला जुन्या १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातले अधिकार देऊ शकते. टेलिग्राफ कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा झाला, तरी वीजवाहिन्यांपुरता त्याचा तो भाग चालू ठेवला आहे. हे अधिकार मिळालेल्या कंपनीला मालकाची आगाऊ संमती घ्यावी लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१६ साली सांगितले. पण त्याच कायद्यात नुकसान कमीत कमी करायचे आणि झालेल्याची पूर्ण भरपाई द्यायची हेही आहे. अडवणूक झाली तर कंपनीने जिल्हाधिकाऱ्यांकडून हुकूम आणायचा, भरपाई कमी वाटली तर आपण जिल्हा न्यायाधीशाकडे जायचे.

इथे एक साधी गोष्ट लक्षात घ्या. संमती लागत नसेल तर मग फायलीवाला संमतीपत्रावर सही कशाला मागतो? कारण त्या कागदात संमतीपेक्षा भरपाईचा आकडा जास्त महत्त्वाचा असतो. केंद्र सरकारच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनेत टॉवरच्या पायाखालच्या जागेला जमीन मूल्याच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के होते. जून २०२४ च्या सूचनेत ते पायाला २०० टक्के आणि पट्ट्याला ३० टक्के झाले. प्रत्यक्ष दर राज्याच्या शासन निर्णयाप्रमाणे लागतात, तेव्हा आपल्या मार्गाला कुठला निर्णय लागू आहे हे प्रांत कार्यालयात लेखी विचारावे. जुन्या दराचा छापील फॉर्म नव्या तारखेने फिरवला जात नाही ना, हे बघणे आपले काम. आणि पायाची व पट्ट्याची रक्कम ही पिकाच्या व झाडांच्या भरपाईहून वेगळी असते. दोन्ही एकाच आकड्यात गुंडाळली असतील तर फोड मागावी.

तिसरे काम सोलरचे. इथे सक्ती कसलीच नाही. हा निव्वळ भाडेकरार आहे, पटला तर करावा, नाही तर चहा पाजून पाठवावे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ सालच्या दुसऱ्या टप्प्यात खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला किमान १ लाख २५ हजार रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असा हिशेब ठरला होता. त्यामुळे कोणी एकरी वीस-पंचवीस हजारांची गोष्ट काढली तर मधले पैसे कुठे जातात ते विचारा. असा करार पंचवीस-तीस वर्षांचा असतो. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. मुद्रांकावर सही केली आणि नोटरीचा शिक्का मारला म्हणजे झाले, हे खरे नाही.

मोबाईल टॉवरसाठी आधी 'अनामत' किंवा 'टॅक्स' भरा म्हणणारा फोन आला तर तिथेच ठेवून द्या. जागा देणाऱ्याकडून पैसे मागणारा एजंट असूच शकत नाही. या फसवणुकीबद्दल दूरसंचार खात्याने वारंवार इशारे दिलेले आहेत.

आता फायलीवाल्याबद्दल. कायदा परवाना मागत नाही, पण आपल्याला मागता येतो की! त्याला कोणी पाठवले त्या कंपनीच्या किंवा प्राधिकाऱ्याच्या लेटरहेडवरचे अधिकारपत्र मागावे. त्यात त्याचे नाव, प्रकल्पाचे नाव, आपल्या गावाचे नाव आणि तो शेतकऱ्याला आकडा कबूल करू शकतो की नाही हे लिहिलेले असावे. ठेकेदाराचा असेल तर ठेकेदाराला कंपनीने दिलेल्या पत्राची प्रत मागावी. ओळखपत्राचा मोबाईलवर फोटो काढावा. खरा माणूस यावर रागावत नाही. आणि तोंडी कबूल केलेली प्रत्येक गोष्ट, म्हणजे वरची काळी माती वेगळी काढून पुन्हा वर टाकू, ठिबक जोडून देऊ, फुटलेली पाइपलाइन दुरुस्त करू, हे त्याच कागदावर त्याच्या सहीने लिहून घ्यावे. "साहेब करतातच हो" याला अर्थ नाही.

मुखत्यारपत्र द्यायचेच नाही. भाऊ मुंबईला आहे, सामायिक सातबारा आहे, अशा वेळी द्यावे लागले तर घरातल्या माणसाच्या नावे द्यावे, रक्कम घेणाऱ्या एजंटाच्या नावे नव्हे. साधे मुखत्यारपत्र रद्द करता येते, पण त्यात त्या माणसाचा स्वतःचा आर्थिक हितसंबंध जोडला असेल तर रद्द करणे महाकठीण होऊन बसते. सामायिक क्षेत्रात बहिणींची नावे असतील तर त्यांच्या सह्यांशिवाय पैसे अडकतात, तेव्हा त्यांना शेवटी नव्हे, आधीच बोलवावे. तो हक्क त्यांचाही आहे.

पिकाचा पंचनामा होताना स्वतः हजर राहावे. उसाची लागण की खोडवा, आडसाली, पूर्वहंगामी की सुरू, जात कोणती, क्षेत्र किती गुंठे, हे सगळे पंचनाम्यात यावे. नुसते 'ऊस' लिहून चालत नाही. उसाचे नुकसान उभ्या पिकापुरते नसते. खोदाईत बेट उखडले की त्यामागचा खोडवाही गेला, आणि तो मागितल्याशिवाय कोणी धरत नाही. मागच्या दोन-तीन हंगामांच्या वजन पावत्या जपून ठेवा. एकरी उतारा किती होता याला त्याच्याइतका पक्का पुरावा नाही. पंचनाम्यावर काही चूक दिसली तर सही नाकारण्यापेक्षा 'हे मान्य नाही' असे आपल्या हाताने लिहून खाली सही व तारीख टाकावी आणि मोबाईलवर फोटो घ्यावा.

आल्बर्टातले ते ४८ तास आपल्याकडे कायद्यात नाहीत. पण "कागद ठेवून जा, परवा या" असे म्हणायला कुठलाच कायदा आडवा येत नाही. कागदाची प्रत ठेवायला जो तयार नाही त्याच्याशी बोलणी थांबवावी. मधल्या दोन दिवसांत तो कागद गट ऑफिसात आणलात तर शेतकी खात्याची मंडळी वाचून दाखवतील. ऊस नोंदीचा उतारा हवा असल्यास सभासद क्रमांक आणि गट नंबर घेऊन या. हंगामात काट्यावर गर्दी असते तेव्हा दुपारी तीननंतर आलेले बरे.